स्वस्तातलं जुनं घड्याळ ऑनलाइन घेताय? आधी झाकण उघडायला सांगा

तुमचा प्रश्न वाचला, चारही फोटो मोठे करून पाहिले. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांच्या हातात फेवर ल्युबा या स्विस कंपनीचं सी किंग हे घड्याळ असायचं, ते घर बदलताना कुठेतरी गेलं. आता त्यांच्या पंचाहत्तरीला तसंच घड्याळ द्यायचं तुमच्या मनात आहे. ऑनलाइन १,८५० रुपयांना निळ्या तबकडीचं एक सापडलं. विकणारा म्हणतो, ‘शंभर टक्के ओरिजिनल, व्हिंटेज, सर्व्हिस केलेलं’. तुम्ही विचारता, हे असली की नकली, आणि घ्यावं का?

आधी सरळ उत्तर. तबकडी मूळ नाही, पुन्हा रंगवून छापलेली आहे. हे मी फोटोवरूनच खात्रीनं सांगतो. आतलं मशीन अस्सल असू शकतं, पण ते दाखवणारा एकही फोटो विकणाऱ्यानं टाकलेला नाही. तो मिळेपर्यंत एक रुपयाही पाठवू नका.

आता हे सविस्तर सांगतो, कारण असे प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि ‘असली की नकली’ या दोन शब्दांत त्यांचं उत्तर बसत नाही. बत्तीस वर्षं मी घड्याळं उघडतोय. या किमतीत जी जुनी घड्याळं ऑनलाइन मिळतात, त्यांतली पूर्ण नकली तशी कमी. बहुतेक अर्धी खरी असतात. मशीन पन्नास वर्षांपूर्वीचं स्विस किंवा जपानी, केस (बाहेरचं धातूचं घर) दुसऱ्याच घड्याळाची, काटे तिसऱ्याचे, आणि तबकडी गेल्या वर्षी मुंबईत छापलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईत जन्मलेल्या, इथेच हा धंदा शिकलेल्या माणसाला हे नाव टोचतं. पण ते उगाच पडलेलं नाही.

हे सुरू कसं झालं तेही ऐका, म्हणजे विकणाऱ्याकडे रागाऐवजी नेमक्या नजरेनं पाहता येईल. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. स्विस घड्याळ घरात असणं ही मोठी गोष्ट, आणि ते बिघडलं तर नवं आणणं जवळपास अशक्य. त्यात आपली हवा. मुंबई-कोकणात चार महिने दमट, चावीच्या फटीतून वाफ आत जाते आणि तबकडीवर आधी डाग पडतात, मग लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, फुगून पापुद्रे सुटतात. मशीन मात्र ठणठणीत. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणायचं, ‘तोंड खराब झालंय, चालतंय चांगलं, काहीतरी करा.’ मग तबकडी रंगवणाऱ्याकडे जायची. तो जुना रंग खरवडायचा, पितळ घासून साफ करायचा, वर स्प्रे मारायचा आणि कोरलेल्या ब्लॉकवरची अक्षरं मऊ रबरी गादीनं उचलून तबकडीवर उमटवायचा. ही मोठी कारागिरी आहे. माझ्या उस्तादांनी अशा शेकडो तबकड्या करून घेतल्या, मीही करून घेतल्या, आणि त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. गिऱ्हाईकाला ठाऊक असायचं, घड्याळ त्याचंच असायचं, आणि ते पुढची वीस वर्षं त्याच्या हातावर चालायचं.

मग सेलची घड्याळं आली. टायटनची घड्याळं १९८७पासून बाजारात आली, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चावीची घड्याळं कपाटात गेली आणि तिथून भंगारात. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला आणि पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात ती ढिगानं आली. पोत्यातून मशीनं निघायची. इंटरनेटवर परदेशी गिऱ्हाईक मिळायला लागल्यावर त्या ढिगाला भाव आला. तेव्हापासून तबकडी दुरुस्तीसाठी नव्हे, विक्रीसाठी छापली जाऊ लागली. हात तेच, रंग तोच. फरक एवढाच की आता घेणाऱ्याला सांगितलं जात नाही. माझं सगळं भांडण त्या ‘ओरिजिनल’ या एका शब्दाशी आहे.

आता तुमच्या फोटोंकडे येऊ.

पहिली खूण तबकडीवरच्या छपाईची. मूळ स्विस तबकडीवरची अक्षरं बारीक, कडा धारदार, आणि सगळ्या ओळींत शाईची जाडी सारखी असते. तुमच्या फोटोत कंपनीच्या नावातली अक्षरं जाड आहेत, ‘ए’ आणि ‘बी’ची पोटं शाईनं भरली आहेत. कडेच्या मिनिटांच्या रेघा मोजा. चार आणि पाचच्या मध्ये एक रेघ उंचीला कमी आहे आणि सातपाशी रेघ खुणेच्या मध्यावर न येता बाजूला सरकली आहे. कारखान्यातून अशी तबकडी बाहेर पडत नसे. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ हे शब्द पाहा. ते दोन शब्द सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. इथे डावीकडचा शब्द केसच्या कडेखाली अर्धा गेला आहे. म्हणजे तबकडी केसला मोठी तरी आहे किंवा ब्लॉक दुसऱ्या मापाचा होता.

दुसरी खूण तासांच्या उठावाच्या खुणांची. या घड्याळांत त्या धातूच्या असतात आणि बारीक पायांनी तबकडीत बसवलेल्या असतात. पुन्हा रंगवताना काही जण त्या काढत नाहीत, तशाच ठेवून वरून स्प्रे मारतात आणि मग खुणेचा माथा पुसतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत नऊच्या खुणेच्या बुडाशी रंगाची कड जमली आहे. भिंतीला रंग देताना खिडकीच्या चौकटीशी जमते तशी. ही खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण ती लपवायची तर बारा खुणा काढून पुन्हा बसवाव्या लागतात आणि या किमतीत तेवढी मेहनत कोणी घेत नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. नितळ, एकसारखा, चकचकीत निळा. पन्नास वर्षांच्या तबकडीवर काहीतरी झालेलं असतंच: कडेला किंचित पिवळेपणा, काट्यांच्या सावलीची पुसट खूण, लॅकरवर केसासारखी चीर. केस झिजलेली, पट्ट्याचे कान गोल झालेले आणि तबकडी मात्र काल दुकानातून आल्यासारखी, हे गणित जुळत नाही. सबंध घड्याळाचं वय सारखं दिसलं पाहिजे. नव्या गिऱ्हाईकांना मी नेहमी सांगतो की डागाळलेली तबकडी पाहून नाक मुरडू नका. तो डागच बऱ्याचदा तिच्या खरेपणाची निशाणी असतो.

अंधारात चमकण्याचंही असंच. १९६०-७०च्या दशकांतल्या घड्याळाचे काटे अंधारात लख्ख हिरवे चमकत असतील तर ते रसायन नवीन भरलेलं आहे. त्या काळात वापरायचे त्या किरणोत्सर्गी ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे ते आतापर्यंत मंदावलेलंच असणार. स्विस तबकडीवर सहापाशी बारीक ‘टी’ अक्षर असतं ते याच ट्रिटियमचं. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम असायचं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. ते चमकणं थांबतं, कारण सोबतची चमकणारी पूड जळून जाते, पण किरणोत्सर्ग चालूच राहतो. म्हणून एक विनंती मनापासून करतो. १९५०च्या आसपासचं, आकड्यांवर तपकिरी जाड रंग असलेलं घड्याळ हाती आलं तर घरी उघडून तो रंग खरवडू नका, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका. झाकण बंद ठेवून कपाटात ठेवलं तर घाबरण्यासारखं नाही. ते जाणकार कारागिराकडेच उघडा.

हे झालं तोंडाचं. पण तोंड पाहून घड्याळ घेऊच नये. मशीन पाहून घ्यावं.

विकणाऱ्याला सांगा, मागचं झाकण उघडून मशीनचा स्वच्छ फोटो पाठव. सोबत कागदावर आजची तारीख लिहून ठेव, म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळाचा फोटो उचलला नाही हे कळेल. ‘झाकण उघडत नाही’, ‘उघडलं तर वॉटरप्रूफ जाईल’, ‘सील तुटेल’ अशी कारणं आली तर तिथेच थांबा. नुकतंच सर्व्हिस केलं म्हणणाऱ्याला झाकण उघडता येत नाही हे कसं शक्य आहे?

फोटो आल्यावर काय पाहायचं? फेवर ल्युबाची स्वतःची मशीनं होती. १९६२ साली आलेलं २५१ हे त्यातलं प्रसिद्ध मशीन, मग त्याच घराण्यातलं २५३. यात चावी दिल्यावर ताकद साठवणाऱ्या दोन स्प्रिंगांची दोन पिंपं (गोल डब्या) असतात, म्हणून तबकडीवर ‘ट्विन पॉवर’ लिहिलेलं दिसतं. मशीन पातळ राहूनही जास्त वेळ चालावं म्हणून ही रचना. उघडल्यावर कंपनीचं नाव आणि आकडा मशीनवर कोरलेला दिसायला हवा. आकडा बऱ्याचदा बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या, चाकाखाली, कडेच्या पट्टीवर असतो, थोडा तिरका कॅमेरा धरल्याशिवाय दिसत नाही. या कंपनीच्या काही घड्याळांत बाहेरच्या स्विस कारखान्यांची मशीनंही होती, त्यामुळे दुसरा शिक्का दिसला म्हणून लगेच नकली ठरवू नका. पण आकडा घेऊन जाणकाराला विचारा. मशीनवर कुठलंच नाव नाही, कुठलाच आकडा नाही, असं असेल तर सोडून द्या.

मशीन कळलं की तबकडीवरचं लिखाण त्याच्याशी ताडून पाहा. ही माझी सगळ्यांत आवडती चाचणी आहे, कारण तिला भिंगही लागत नाही. तबकडी म्हणते ‘२५ ज्वेल्स’, म्हणजे मशीनमध्ये बसवलेले २५ खडे, आणि मशीनवर कोरलंय १७. तबकडी म्हणते ‘ऑटोमॅटिक’ आणि आत फिरणारं वजनच नाही, चावीचं साधं मशीन. तबकडी म्हणते ‘इन्काब्लॉक’ (बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणारी रचना) आणि बॅलन्सच्या मधल्या खड्यावरची बारीक स्प्रिंग वेगळ्याच आकाराची. इन्काब्लॉकची स्प्रिंग प्राचीन ग्रीक वाद्यासारखी, वर दोन शिंगं आणि खाली पोट अशी दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही. ब्लॉक छापणाऱ्याला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो. जो ब्लॉक हाताशी असतो तो तो लावतो, आणि तिथेच तो पकडला जातो.

मशीनच्या भोवती पाहा. पांढऱ्या प्लास्टिकची किंवा पत्र्याची रिंग घालून मशीन केसमध्ये अडकवलेलं असेल तर बहुधा ते मशीन त्या केसचं नाही. काही कंपन्या अशी रिंग मुळातच देत, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका, पण चावीचा दांडा केसच्या भोकाच्या मधोमध येतोय का ते बघा. तिरका आत जात असेल तर जमवाजमव आहे. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली असतील तर बेफिकीर हातांनी अनेकदा उघडलंय. गंजाचे तपकिरी डाग चावीच्या दांड्यापाशी असतील तर पाणी आत गेलेलं आहे, आणि पुढचा खर्च तुमच्या खिशातून जाणार.

मग दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. सेकंदकाटा टक-टक करत सेकंदाला एकदाच उडी मारत असेल तर आत सेलचं मशीन आहे, चावीचं नव्हे. जुन्या चावीच्या घड्याळाचा ठोका सामान्यतः तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. काटा बारीक पावलांनी सरकताना दिसतो. बॅलन्सचं चाक उघड्या फोटोत दिसत असेल तर ते मोकळं, मोठ्या फेरीनं झुलतंय का ते पाहा. आखडल्यासारखं थोडंच हलत असेल तर ‘नुकतंच सर्व्हिस’ याचा अर्थ फक्त पेट्रोलमध्ये बुडवून काढलं एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट करा, ती तर घरबसल्या होते. त्या विकणाऱ्याची बाकीची घड्याळं उघडून बघा. तुम्ही दुवा पाठवला होता म्हणून मी बघितली. तीच निळी तबकडी, त्याच रेघा, तोच चारपाशी अडखळलेला मिनिटांचा पट्टा तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांखाली आहे. एका नावाच्या जागी दुसरं नाव, बाकी सगळं तेच. यापुढे मला काही सिद्ध करावं लागत नाही.

तुमचा विषय फेवर ल्युबाचा असला तरी शोधताना एचएमटी आणि जपानी सायकोही समोर येणारच, म्हणून त्याबद्दल थोडं.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झाला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं घराघरात गेली. बारशापासून निवृत्तीपर्यंत आपल्याकडे एचएमटी भेट द्यायचे. अनेक घड्याळांच्या झाकणावर आजही ‘सेवानिवृत्तीनिमित्त’ असं कोरलेलं सापडतं, आणि तसं कोरलेलं झाकण मला कोऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. केंद्र सरकारनं २०१६ साली घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला तेव्हा लोकांची झुंबड उडाली, भाव चढले आणि तबकडी छापणाऱ्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. आज नारिंगी, पोपटी, गुलाबी तबकड्यांचे पायलट दिसतात, वर विमान, रणगाडा किंवा मोठं सैनिकी चिन्ह. एचएमटीनं संस्थांसाठी त्यांची मुद्रा छापून घड्याळं दिली आहेत हे खरं. पण विमान आणि रणगाड्याची तबकडी मूळ कारखान्याची म्हणून आजवर माझ्या टेबलावर आलेली नाही. जनता आणि पायलटमध्ये तुम्हाला बहुधा ०२३१ हे १७ खड्यांचं चावीचं मशीन दिसेल. ते दणकट आहे, सुटे भाग मिळतात, गावातला कारागीरही ते डोळे मिटून उघडतो. एचएमटीवर ‘इन्काब्लॉक’ छापलेलं दिसलं तर थांबा. तिथे धक्क्यापासून वाचवणाऱ्या रचनेसाठी ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं.

सायको ५चं सोपं. मागच्या झाकणावर चार आकडे, आडवी रेघ, मग पुन्हा आकडे असतात. पहिले चार मशीनचे, उदाहरणार्थ ७००९ किंवा ६३०९. ते चार आकडे आतल्या मशीनवर, आणि मूळ तबकडीच्या अगदी खालच्या कडेला सूक्ष्म अक्षरांत, तेच असायला हवेत. झाकण ६३०९ सांगतंय आणि तबकडीच्या तळाशी काहीच नाही, म्हणजे ती रंगवली. सहा आकड्यांच्या क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना सांगतो. दशक मात्र मशीनवरून ठरवावं लागतं.

या किमतीत ओमेगा किंवा रोलेक्स दिसलं तर त्यावर वेळ घालवू नका. तसंच फेवर ल्युबाचं बाथी, जे १९६८ साली पाण्याची खोली दाखवणारं घड्याळ म्हणून आलं, किंवा १९६२चं उंची सांगणारं बिव्हॉक. ती दोन-तीन हजारांत मिळण्याची घड्याळं नव्हेत. कोणी देत असेल तर एकतर ती खोटी आहेत किंवा चोरीची.

आता पैशांचं. माझ्या अनुभवात तबकडी पुन्हा छापलेली पण मशीन अस्सल आणि निरोगी असलेलं चावीचं सी किंग किंवा सी चीफ दीड ते अडीच हजारांत घेणं वाईट नाही. मूळ तबकडीचं, थोडं डागाळलेलं का होईना, याच्या दुप्पट-तिप्पट मोजूनही मिळालं तर मी ते घेईन. त्यावर सर्व्हिसिंगचे हजार-बाराशे धरा, विकणारा काहीही म्हणो. जुनं तेल सुकून डिंकासारखं होतं आणि तसंच चालवलं तर चाकांचे बारीक दांडे झिजतात, मग दुरुस्ती घड्याळाच्या किमतीपेक्षा महाग पडते. म्हणजे १,८५०चं घड्याळ तुम्हाला तीन हजारांना पडणार असं समजूनच ठरवा.

आणि घासाघीस करताना भांडू नका. मी असं लिहितो (रीडायल म्हणजे पुन्हा छापलेली तबकडी): ‘भाऊ, तबकडी रीडायल आहे हे दिसतंय. मला चालेल. मशीनचा फोटो आणि व्हिडिओ पाठवा, किंमत त्याप्रमाणे सांगा.’ बरेच जण या एका वाक्यानं सरळ होतात. समोरच्याला कळतं की याला ठाऊक आहे. त्यांतले अनेक जण स्वतः कारागीर आहेत, लहान खोलीत दिवसभर डोळे फोडून काम करतात. त्यांना चोर म्हणून काही हाती लागत नाही. खरं लिहून विकलं तर मी त्यांच्याकडूनच घेईन, आणि घेतोही. एकानं मला रीडायल असं स्पष्ट सांगून दिलेलं घड्याळ माझ्या मेहुण्याच्या हातावर सहा वर्षं बिनतक्रार चालतंय.

पैसे देताना मंचाच्या, म्हणजे ज्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर घड्याळ दिसलं त्याच्या, आतूनच द्या. ‘बाहेरून पाठवा, दोनशे कमी करतो’ याला भुलू नका, कारण मग परत मागायला जागा उरत नाही. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं कोणी सांगितलं तर तो सरळ चोर आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. चुकून गेलेच तर लगेच १९३० या सायबर क्रमांकावर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

पार्सल आलं की फोडताना सलग व्हिडिओ काढा, कुरिअरची चिठ्ठी दिसेल असा. ‘ओरिजिनल डायल’ असं लिहून रीडायल दिलं असेल तर विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ती वाक्यं नंतर बदलतात. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलं तसं नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि मंचाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हे धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी. कोणी स्वतःच्या घरातलं एखादं घड्याळ विकत असेल तर ही वाट इतकी सोपी राहत नाही, म्हणून तिथे आधीची चौकशी जास्त करा.

एक वैयक्तिक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘न वापरलेलं, जुन्या साठ्यातलं’ म्हणून एक घड्याळ घेतलं. फोटोंत मशीन होतं, आकडा बरोबर होता. आलं तेव्हा मशीन वेगळंच. फोटो दुसऱ्या नगाचे होते. त्या दिवसापासून मी तारखेचा कागद मागायला लागलो. मशीनवरचे ओरखडे फोटोशी ताडून पाहण्याची सवयही तेव्हाच लागली. प्रत्येक मशीनवर स्क्रूड्रायव्हर घसरल्याची एखादी रेघ असते, तीच रेघ आलेल्या घड्याळात शोधायची.

आणि पट्टा बांधून वडिलांच्या हाती दिल्यावर त्यांना सांगा की नावात ‘सी’ असलं तरी पाण्यापासून दूर ठेवा. पन्नास वर्षांची रबरी कड काही अडवत नाही. हात धुतानाही जपा, पावसात खिशात ठेवा.

पण विकत घेण्याआधी एक काम करा. घरचे जुने अल्बम काढा आणि वडिलांचं मनगट दिसणारा एखादा फोटो शोधा. लग्नातले, सत्काराचे फोटो असतात त्यांत बरेचदा घड्याळ नीट दिसतं. त्यांच्या घड्याळाची तबकडी निळी नव्हती असा माझा अंदाज आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली त्या काळातली बहुतेक सी किंग रुपेरी किंवा काळी होती. केसचा आकार, खुणा रेघांच्या की आकड्यांच्या, तारखेची खिडकी आहे की नाही, एवढं कळलं तरी शोध निम्मा होतो. आणि मामा, आत्या, काका यांनाही विचारा. या कंपनीचा भारताशी व्यापार १८६५पासूनचा, घड्याळं इथे भरपूर विकली गेली. एखाद्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याच्या तळाशी बंद पडलेलं एखादं नक्की असेल. बंद आहे म्हणून टाकू नका, तसंच माझ्याकडे किंवा जवळच्या चांगल्या कारागिराकडे आणा. हलवून, चावी जोरात फिरवून चालू करायचा प्रयत्न मात्र करू नका.

तोवर त्या विक्रेत्याला मशीनचा फोटो मागा. आला की मला पाठवा. प्रकाश बाजूनं पडू दे, बॅलन्सच्या चाकाखालचा आकडा वाचता आला पाहिजे.